पगारपत्रकातील 'इतर' रकाना

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षे पगारपत्रके केली. काजूगर, मद्याच्या बाटल्या, औषधांच्या पट्ट्या, असे गोव्यातून बाहेर जाणारे बरेच काही आमच्या खोक्यांतून जात असे. हजेरीपटावरून दिवस मोजायचे, जादा तास लावायचे, भविष्यनिर्वाह निधी आणि उचल वजा करायची आणि सात तारखेच्या आत प्रत्येकाच्या हातात पगाराची चिठ्ठी ठेवायची, एवढेच माझे काम होते. आकडा चुकला नाही म्हणजे सारे ठीक, अशी माझी पहिली दहा-बारा वर्षे समजूत होती. ती एका पिशवीने मोडली.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात कारखान्यातील प्रत्येकाला, कंत्राटी कामगारांसकट, एक कापडी पिशवी मिळत असे. तिच्यात दोन किलो साखर, एक किलो गूळ, एक किलो रवा, उदबत्तीचा पुडा आणि पाच नारळ असत. बोनस वेगळा. तो कायद्याने किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो आणि जे द्यावेच लागते त्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानत नाही. पिशवी मात्र मालक स्वतः दारात उभे राहून देत आणि ती घेताना माणसे त्यांना चवथीला घरी येण्याचे आमंत्रण देत. मालक कोणाच्याच घरी जात नसत, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. तरी आमंत्रण चुकत नसे.

२०१६ साली मी हिशेब मांडला. पिशवीचा खर्च माणशी साधारण ३५० रुपये, त्यावर टेम्पोचे भाडे आणि पिशव्या भरण्यात दोन माणसांचा जाणारा अख्खा दिवस. त्यापेक्षा प्रत्येकाला ५०० रुपये सरळ पगारात द्यावेत; कारखान्याची दगदग वाचेल आणि कामगाराच्या पदरात दीडशे रुपये जास्त पडतील. सूचना माझीच होती आणि ती मान्य झाल्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला होता. पगारपत्रकाच्या साच्यात अशा रकमेसाठी वेगळा रकाना नव्हता, म्हणून ते ५०० रुपये मी 'इतर' या रकान्यात घातले.

चिठ्ठ्या वाटल्या त्या दुपारी खळ शिजवणारे एक वयस्कर कामगार माझ्या खिडकीशी आले. पुठ्ठ्याचे थर एकमेकांना चिकटवण्यासाठी जी पिठाची खळ लागते, तिच्या टाकीवर त्यांनी सारी हयात काढली होती. त्यांनी चिठ्ठी काचेखालून माझ्याकडे सरकवली, 'इतर' या शब्दावर बोट ठेवले आणि हे काय, असे विचारले. मी समजावून सांगितले, दीडशे रुपयांचा फायदाही सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "पयशांचो प्रस्न न्हय, मॅडम," ते म्हणाले, आणि चिठ्ठीची चार घड्यांची घडी करून निघून गेले. नंतर मुकादमांकडून कळले ते असे, की पिशवी घरी नेली की ती त्यांची बायको उघडत असे, शेजारीपाजारी नारळांचा आकार पाहत, आणि आता तर चवथ बँकेत जमा झाली होती.

संप झाला नाही, तक्रारीचा अर्ज आला नाही, कोणी आवाजही चढवला नाही. घडले ते एवढेच, की संध्याकाळी साडेपाचला भोंगा झाला की माणसे हात धुऊन निघू लागली. वरकरणी यात काहीच गैर नव्हते, कारण कामाची वेळ साडेपाचपर्यंतचीच होती. पण खळीची टाकी दिवसअखेर गरम पाण्याने धुतली नाही तर उरलेली खळ रात्रीत धरते आणि सकाळी ती खरवडून काढण्यात पाऊण तास जातो. आतापर्यंत कोणी ना कोणी दहा मिनिटे मागे थांबून टाकी धुवून जात असे. ते कोणाचे काम होते, हे मी सगळ्या नेमणूकपत्रांत शोधले आणि मला ते कुठेच सापडले नाही. इतक्या वर्षांत ज्या कामाचा एक पैसाही मी हिशेबात धरला नव्हता, ते काम थांबल्यावर मला प्रथमच दिसले.

पुढे वाचनात एक जुने निरीक्षण आले आणि ते वाचताना मला आपलेच कोणी भेटल्यासारखे वाटले. जॉर्ज होमन्स या समाजशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतील एका कंपनीतल्या तरुण कारकून मुलींविषयी लिहिले होते. ग्राहकांचे भरणे खात्यांवर चढवणे हे त्यांचे काम. तासाला ३०० नोंदी व्हाव्यात अशी कंपनीची अपेक्षा होती आणि मुली सरासरी ३५३ नोंदी करत होत्या. जास्त काम करणारीला जास्त पगार नव्हता, सगळ्यांचा पगार एकच होता. मग वरच्या त्रेपन्न नोंदी कशासाठी? अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या प्रश्नाला जागा नव्हती. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९८२ साली हेच उदाहरण हाती घेऊन म्हटले, की नोकरी हा व्यवहार काही अंशी भेटवस्तूंची देवघेव असतो. मालक बाजारभावापेक्षा किंवा नियमापेक्षा थोडे अधिक देतो, कामगार ठरल्यापेक्षा थोडे अधिक करतो, आणि यातले कोणतेच 'थोडे' करारात लिहिलेले नसते. अकरलॉफ यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले ते दुसऱ्या विषयासाठी. माझ्या लेखी मात्र त्यांचा हाच निबंध मोठा आहे, कारण तो कारकुनांवर आहे.

पिशवीच्या प्रश्नाचे त्याहूनही नेमके उत्तर जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाले. सेबास्टियान कुबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे यांनी तिथे पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवण्यासाठी विद्यार्थी तीन तासांच्या कामावर घेतले. काहींना ठरलेली मजुरी दिली. काहींना त्यावर सात युरो रोख दिले. काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास वेष्टनात गुंडाळून दिला. रोख रकमेने कामात जेमतेम फरक पडला. थर्मास मिळालेल्यांनी सुमारे २५ टक्के अधिक नोंदी केल्या. थर्मासची किंमत उघड सांगितली, तरी हा फरक टिकून राहिला. आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. विद्यार्थ्यांनाच विचारले, तुम्हाला थर्मास हवा की पैसे, तर बहुतेकांनी पैसेच मागितले. म्हणजे माझा दीडशे रुपयांचा हिशेब चुकीचा नव्हता. आमच्या कामगारांना विचारले असते तर त्यांनीही कदाचित ५०० रुपयेच घेतले असते. संशोधकांनी मग एका गटाला पैसेच दिले, पण नोटेची घडी घालून तिचा इवलासा सदरा केला होता. त्या घडीच्या नोटेने थर्मासइतकाच परिणाम साधला. कोणीतरी आपल्यासाठी बसून ही घडी घातली, एवढे त्या नोटेवरून कळत होते. 'इतर' या रकान्यावरून ते कळण्याची सोय नव्हती.

पिशवीची गोष्ट इथे अर्धीच राहते. ती पुढे पुरी करेन.

मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली तेव्हा कारखाना बंद झाला आणि मे महिन्यात उघडला तो अर्ध्या मागणीवर. हॉटेले बंद, दारूची दुकाने महिनाभर बंद, पर्यटक नाहीत. खोके कोणाला हवेत? मला दोन तक्ते करायला सांगण्यात आले. पहिल्यात कायम असलेल्या ८४ कामगारांच्या पगारात पंधरा टक्के कपात धरायची होती. दुसऱ्यात कपात नव्हती, पण १७ कंत्राटी कामगारांना कमी करायचे होते. मी तक्ते केले. दोन्हींतून महिन्याला वाचणारी रक्कम जवळजवळ सारखीच, दोन लाखांच्या आसपास निघाली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाहिले तर पहिला मार्ग सरळ आहे. मागणी उतरली की भाव उतरतो. श्रमाचा भाव उतरला तर कोणालाच घरी जावे लागत नाही. बैठक दहा मिनिटेही चालली नाही. दुसरा तक्ता मंजूर झाला. उत्पादन पाहणारे अधिकारी म्हणाले, की पगार कापला तर ८४ माणसांची तोंडे रोज सकाळी बघावी लागतील, आणि त्यांचे हात मशीनवर असतील. सतरा जणांची तोंडे एकदाच बघावी लागतील. खरे तर तीही बघावी लागली नाहीत. ठेकेदाराने त्यांना फोनवरून कळवले.

ट्रुमन ब्यूली हे येल विद्यापीठातले गणिती वळणाचे अर्थशास्त्रज्ञ. मंदीत पगार का उतरत नाहीत, हा प्रश्न सिद्धान्तांनी सुटत नाही असे पाहून ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या ईशान्य भागात मंदी असताना, सरळ लोकांना विचारायला बाहेर पडले. कारखानदार, व्यवस्थापक, कामगार पुढारी, बेकारांना नोकरी शोधून देणारे, अशा तीनशेहून अधिक जणांशी ते बोलले. त्यांना जे ऐकू आले ते आमच्या दहा मिनिटांच्या बैठकीत मी ऐकले होते. पगार कापला की ज्याच्या मनाला लागते तो माणूस आतच राहतो आणि महिनोन्‌महिने कामावर राग काढतो. माणूस कमी केला की त्याचे दुःख त्याच्याबरोबर फाटकाबाहेर जाते. फाटकाबाहेर गेलेल्या दुःखाची पगारपत्रकात नोंद होत नाही. त्या सतरा जणांपैकी बरेचसे कर्नाटकातले आणि ओडिशातले होते, चारपाच फोंड्याच्याच आसपासचे. मी त्यांच्या नावांवर रेघ ओढली तेव्हा 'कारण' या रकान्यात काय लिहावे हे मला सुचेना, म्हणून 'काम नाही' असे लिहिले. काम होते. पंधरा टक्के कमी पगारात ते सगळ्यांना पुरले असते, असे माझाच पहिला तक्ता सांगत होता.

याच काळात कार्यालयातील आम्हा नऊ जणांचा पगार मात्र सहा महिन्यांसाठी चतुर्थांशाने कमी झाला, आणि आम्ही तो निमूटपणे सोसला. ब्यूली यांची माणसे जे म्हणाली त्याच्या हे विरुद्ध वाटेल, पण तसे नाही. मालकांनी आम्हा नऊ जणांना समोर बसवून बँकेचे उतारे दाखवले, मागण्यांची वही उघडून दाखवली, स्वतः सहा महिने काही न घेण्याचे सांगितले आणि तासभर आमच्या प्रश्नांना उत्तरे दिली. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या जागी आठवतो. अमेरिकेत एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगारात १५ टक्के कपात झाली. एका ठिकाणी प्रमुखाने दीड तास बसून, आकडे दाखवून, दिलगिरी व्यक्त करून कारण सांगितले. दुसऱ्या ठिकाणी पाव तासात सभा आटोपली. कपात एकच, पण दुसऱ्या कारखान्यात सामानाची चोरी पहिल्यापेक्षा बरीच वाढली. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही उतरली. हे वाचून मला जरा हसू आले, कारण आमच्या कार्यालयात चोरण्यासारखे पंचिंग मशीनखेरीज काही नव्हते. पण प्रश्न मनात राहिला. ज्या खोलीत नऊ खुर्च्या मांडल्या, तिच्याबाहेरच्या आवारात शंभर माणसे उभी राहू शकली असती. आवारात जाऊन बोलावे, असे कोणालाच सुचले नाही. मलाही नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात मागणी परत आली. कंत्राटी माणसे गावी गेलेली होती, म्हणून नवी भरती झाली आणि ती कमी पगारावर झाली. स्टिचिंगच्या मशीनवर सहा वर्षे काम करणाऱ्याला तेव्हा १५,८०० रुपये पडत. त्याच मशीनच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहणाऱ्या नव्याला १२,५००. यात कोणाला काही वावगे वाटले नाही, नव्यालाही नाही, कारण त्याने तो आकडा मान्य करूनच सही केली होती. डॅनियल काहनेमान, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी कॅनडातल्या लोकांना दूरध्वनीवरून जे प्रश्न विचारले, त्यांत नेमका हाच एक होता. छायाप्रतींचे एक छोटे दुकान, तिथला नोकर तासाला ९ डॉलर घेतो. गावात बेकारी वाढली, इतरत्र ७ डॉलरमध्ये माणसे मिळू लागली. मालकाने त्याच नोकराची मजुरी ७ वर आणली तर? ८३ टक्के लोक म्हणाले, हे अन्यायाचे आहे. पण तो नोकर सोडून गेला आणि मालकाने नव्याला ७ वर ठेवले तर? तेव्हा ७३ टक्के म्हणाले, हे चालेल. नव्याच्या हातून काही काढून घेतलेले नसते, म्हणून त्याला ते लागत नाही, असा याचा अर्थ. हे खरे असते, पण नव्याला जुन्याचा आकडा कळेपर्यंतच.

तो कळला माझ्यामुळे. डिसेंबरच्या चिठ्ठ्या वाटताना दोघांची आडनावे सारखी असल्याने मी जुन्याची चिठ्ठी नव्याच्या हातात दिली. चूक पाच मिनिटांत लक्षात आली आणि मी धावत शॉपमध्ये गेले. तो मुलगा मशीनशी उभा होता. चिठ्ठी उघडलेली होती. त्याने ती नीट घडी करून मला परत दिली, स्वतःची घेतली, न उघडताच खिशात घातली आणि कामाला लागला. जुना कामगार दुसऱ्या बाजूने खोका सरळ करत होता आणि त्याने मान वर केली नाही. दोघे एकाच खोक्याची दोन टोके धरून उभे होते: एकजण पुठ्ठा दुमडून पुढे सरकवतो, दुसरा पिन मारून घेतो. खोका झाला की कोणाचे काम किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी ओडिशात हेच मुद्दाम घडवून पाहिले होते. साध्या हातकामाच्या कारखान्यांत ३७८ कामगार, तिघातिघांचे गट, महिनाभर काम. काही गटांत तिघांना समान मजुरी, काहींत थोडीशी वेगवेगळी. जिथे कोणाचे काम किती हे डोळ्यांना दिसत नव्हते, तिथे कमी मजुरी मिळणाऱ्यांचे उत्पादन घसरले आणि हजेरीही १८ टक्के अंकांनी उतरली. ही रोजंदारीची माणसे होती. न येणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडवणे. थोड्याशा फरकापोटी ती अख्खा दिवस बुडवत होती. पण जिथे अधिक मजुरी घेणाऱ्याचे अधिक काम उघड दिसत होते, तिथे असे काही झाले नाही. आमच्याकडे छपाईच्या मशीनवरच्या कारागिराला स्टिचिंगपेक्षा नऊ हजार जास्त मिळत आणि त्याबद्दल कधी कोणी कुरकुरले नाही, याचे कारण मला तेव्हा उमगले. रंग जुळला की नाही, हे शॉपमधल्या प्रत्येकाला दिसते.

त्या मुलाची जानेवारीतील हजेरी मी मुद्दाम पाहिली नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. चार सोमवार कोरे होते. मार्चमध्ये त्याने नोकरी सोडली आणि तो घरपोच खाणे पोहोचवण्याच्या कामाला लागला. पेट्रोल वजा जाता त्यात १२,५०० सुटत नसतील, असा माझा अंदाज आहे. जुना कामगार नंतर एकदा माझ्याशी बोलला. आपली काही चूक नसताना आपल्याला महिनाभर त्या मुलाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही, असे तो म्हणाला. ही बाजू मी कोणत्याही संशोधनात वाचलेली नाही.

माणसे कमी पैशाला का तयार होत नाहीत, हा प्रश्न मला माझ्या मामांमुळे आधीच भेटला होता. मामा डिचोली तालुक्यातले. खाणी जोरात असताना त्यांनी कर्ज काढून टिपर घेतला होता; खाणीवरून मांडवीच्या धक्क्यापर्यंत खनिज न्यायचे आणि खेपेवर पैसे घ्यायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये पहिल्यांदा खाणी थांबल्या, मधे काही काळ काही खाणी चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर १६ मार्च २०१८ पासून सगळे पुन्हा ठप्प झाले. 'खाण अवलंबित' हा शब्द वर्तमानपत्रांत रोज येऊ लागला. मामा त्या शब्दात बसत होते, पण तो त्यांनी स्वतःसाठी कधी वापरला नाही. टिपर अंगणात फणसाखाली उभा राहिला. दर शनिवारी सकाळी ते तो सुरू करत, दहा मिनिटे धूर होऊ देत आणि बंद करत. बॅटरी उतरू नये म्हणून, असे ते सांगत. हौद्यात फणसाची पाने साचत आणि तीही ते शनिवारीच काढत.

कळंगुटच्या एका हॉटेलची पाहुण्यांची गाडी चालवण्याचे काम त्यांना महिना १८,००० वर मिळत होते. ते त्यांनी नाकारले. माझ्या आईने त्यांना आळशी म्हटले, आणि तेव्हा मीही तसेच मानले होते. पुढे कळले, की त्याच वर्षी दोन महिने ते पेडण्यात, मोपाच्या विमानतळाच्या कामावर, दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून जात होते आणि हॉटेलपेक्षाही कमी पैसे घेत होते. घरी म्हापशाला नातेवाईकांकडे जातो असे सांगत. डिचोलीतले कोणी तिथे आपल्याला पाहणार नाही, एवढीच त्यांची अट होती. ब्रेझा आणि कौर यांनी नंदिता कृष्णस्वामी यांच्यासह ओडिशातील खेड्यांत असेच काहीसे पाहिले आहे. चालू दरापेक्षा कमी मजुरीचे काम देऊ केले तर काही मजूर एकांतात ते घेतात. चारचौघांत विचारले तर जवळपास कोणीच घेत नाही. दर मोडणारा माणूस इतरांच्याही पोटावर पाय देतो, अशी गावाची समजूत असते आणि गाव ते लक्षात ठेवते. यात संघटना नाही, पुढारी नाही, ठराव नाही. देवळापुढच्या पारावर कोण कोणाशी बोलत नाही, एवढ्यावर सारे चालते.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक कापडगिरणीचे गाव होते. गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या बेकारांचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ हाताशी आल्यावर माणसे वाचतील, असे वाटत होते. उलट गावच्या वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके निम्म्यावर आली. खिडकीआड बसून त्यांनी रस्त्यावरची माणसे मोजली, तेव्हा पुरुष सावकाश चालत होते आणि वाटेत पुन्हापुन्हा थांबत होते. बायका भराभर जात, कारण घरकाम संपले नव्हते. मामी आणि मामा यांना त्या वर्षी पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जुलै २०२३ ते जून २०२४ या काळाच्या केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात गोव्याचा बेरोजगारीचा दर ८.५ टक्के होता आणि देशाचा ३.२. हा आकडा छापून आला की आमच्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: आमच्या पोरांना कामच नको, सगळ्यांना सरकारी नोकरी हवी. हे वाक्य अगदीच खोटे नाही. मला मात्र ते अर्धवट वाटते. भाव उतरवला की माल खपतो हे कांद्याबद्दल खरे आहे, पण कांद्याला आपला भाव शेजाऱ्यापुढे सांगावा लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ सालीच हे ओळखले होते. महागाईने पगाराची किंमत हळूहळू कमी झाली तर माणसे सहन करतात, पण चिठ्ठीवरचा आकडा कमी झालेला सहन करत नाहीत, कारण महागाई सगळ्यांवर सारखी येते आणि कपात आपल्यावरच येते.

आमच्या मार्दोळच्या घरी माडावरचे नारळ काढायला पाडेली येतो त्याचेही असेच आहे. माडामागे ठरलेले पैसे आणि वर दोन नारळ. नारळाचे भाव चढले की तो दर वाढवून मागतो आणि आम्ही देतो. भाव पडले म्हणून दर कमी करा, असे आमच्या वाड्यावर आजवर कोणी म्हटलेले नाही. तेव्हा आम्ही काय करतो, तर पाडप दीड महिन्याऐवजी तीन महिन्यांनी काढतो. पाडेलीचा दर जिथल्या तिथे राहतो आणि त्याचे दिवस कमी होतात. सुप्रीत कौर यांनी भारतातल्या सुमारे सहाशे जिल्ह्यांची १९५६ पासूनची शेतमजुरी आणि पाऊस एकत्र ठेवून हेच दाखवले आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी मजुरी चढते. पुढच्या वर्षी पाऊस साधारण झाला तरी ती खाली येत नाही, आणि भूमिहीनांना कामाचे दिवस कमी मिळतात. आम्ही पाडेलीशी अतिशय सभ्यपणे वागतो, असा आमचा समज होता.

आता पिशवीचे राहिलेले. २०१७ साली मीच मालकांना सांगून पिशवी पुन्हा सुरू केली. खळीच्या टाकीचे कारण सांगितले, ते त्यांना पटले. त्या वर्षी नारळ महागले होते, म्हणून खरेदी पाहणाऱ्यांनी माणशी चार आणले. साखर, गूळ, रवा सारे पूर्वीइतकेच होते आणि मागच्या वर्षी तर पिशवीच नव्हती, तेव्हा तक्रारीला जागा नाही, असे मी धरून चालले होते. मालक दारात उभे राहिले, माणसे आली, आमंत्रणे झाली. खळीवरचे ते वयस्कर कामगार पिशवी घेऊन पायऱ्या उतरले, फाटकाशी थांबले, पिशवी जमिनीवर ठेवली आणि नारळ एकेक करून बाहेर काढून ओळीने मांडले. चार. मग त्यांनी ते परत भरले आणि माझ्या खिडकीकडे पाहून हात केला. रागाने नाही, नेहमीसारखाच.

टाकी दुसऱ्या दिवसापासून धुतली जाऊ लागली. पण पुढच्या वर्षी चवथीच्या खरेदीचे मागणीपत्रक माझ्याकडे सहीला आले, तेव्हा नारळांच्या ओळीत माणशी ५ असे लिहून त्यापुढे मी 'अक्षरी पाच' असेही लिहिले, जसे धनादेशावर लिहितात.